पक्षिनिरीक्षणाची साधने आणि स्थलनिश्चिती

पक्षी पाहावयास डोळे पुरेसे असतात. परंतु पाहिलेल्या पक्ष्याविषयी काही शास्त्रीय विधान करावयाचे झाल्यास केवळ डोळ्यांवर भागत नाही. कोणता पक्षी, किती, कोठे आणि केव्हा, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या नोंदीत नाहीत, ती नोंद कितीही उत्साहाने लिहिलेली असली तरी अभ्यासकाच्या फारशा उपयोगाची नसते. पहिल्या दोन प्रश्नांसाठी दुर्बीण व पक्ष्यांचे पुस्तक लागते, चौथ्यासाठी घड्याळ. राहिला तिसरा प्रश्न, म्हणजे स्थळाचा. छंदास नव्याने लागलेला मनुष्य दुर्बिणीची कसून चौकशी करतो, पण नकाशाची व होकायंत्राची चौकशी सहसा करीत नाही. त्याची नोंद बहुधा तेथेच लंगडी पडते.

स्थळाची नोंद चुकली असता काय होते, याचे एक बोधप्रद उदाहरण भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात आहे. रानपिंगळा हा लहान घुबडांपैकी एक पक्षी. ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने १८७३ साली त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय नमुना कोणास मिळाला नाही. मात्र रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाच्या संग्रहात एक नमुना होता आणि तो १९१४ साली गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीजवळ मिळाल्याची चिठ्ठी त्यास लावलेली होती. पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी पुढे केलेल्या तपासणीत ही चिठ्ठी खोटी ठरली. तो नमुना जेम्स डेव्हिडसन याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळविलेला होता; संग्रहालयातून तो उचलून, पुन्हा भरून, त्यास नवे स्थळ व नवा दिनांक चिकटविण्यात आला होता. खोटा पत्ता बाजूस सारून जुन्या, खऱ्या स्थळांचा माग काढीत गेलेल्या रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिवंत रानपिंगळा दिसला. मध्यंतरी एकशे तेरा वर्षे लोटली होती.

येथे लबाडी होती. परंतु निष्काळजीपणाने लिहिलेला चुकीचा पत्ता शोध घेणाऱ्यास तितकाच भरकटवितो. म्हणून सहलीस निघताना कोणती साधने बरोबर घ्यावीत, ती कशी वापरावीत आणि त्यांच्या साह्याने आपले स्थान कसे निश्चित करावे, याचा क्रमाने विचार करू.

उदाहरणादाखल एक क्षेत्र

विवेचनास आधार म्हणून राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान घेऊ. याचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर असून ते साधारणपणे २७ अंश १० कला उत्तर अक्षांश व ७७ अंश ३१ कला पूर्व रेखांश येथे आहे. एके काळी हे भरतपूर संस्थानाचे शिकारीचे राखीव क्षेत्र होते. १९३८ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी येथे ४,२७३ पक्षी मारले गेल्याची नोंद आहे. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. उथळ पाण्याची तळी, त्यांना विभागणारे मातीचे बांध, बाभळीची झाडे व गवताळ माळ असे याचे स्वरूप आहे. जमीन सपाट आहे, एक बांध दुसऱ्या बांधासारखाच दिसतो आणि हिवाळ्यात सकाळी दाट धुके पडते. त्यामुळे पक्ष्यांनी समृद्ध असलेले हे क्षेत्र दिशाज्ञानाच्या अभ्यासासही सोयीचे आहे.

दुर्बीण

दुर्बिणीवर ८ × ४० असे दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा वर्धनाचा होय. आठ पट वर्धनाच्या दुर्बिणीतून ८० मीटरांवरील बदक नुसत्या डोळ्यांनी १० मीटरांवरून दिसावे तसे दिसते. दुसरा आकडा पुढील भिंगाचा मिलिमीटरांतील व्यास दाखवितो. या व्यासास वर्धनाने भागले असता डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. ८ × ४० मध्ये ती ५ मिलिमीटर, ८ × ३० मध्ये पावणेचार मिलिमीटर आणि ८ × २५ मध्ये तीन मिलिमीटरांहून थोडी अधिक असते. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर एवढीच उघडी असल्यामुळे तिन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. पहाटे, तिन्हीसांजेस किंवा दाट झाडीत बाहुली विस्फारते आणि मग जाड शलाकेचा लाभ होतो. पक्ष्यांची हालचाल नेमकी याच वेळी अधिक असल्यामुळे हा विचार महत्त्वाचा आहे.

वर्धन जितके अधिक तितके चांगले, हा समज मात्र सोडून द्यावा. दुर्बीण पक्ष्याबरोबर हाताचा कंपही वाढविते, तसेच वर्धन वाढले की दृष्टिक्षेत्र आकुंचित होते. मग फांदीवरून फांदीवर उडणारा वटवट्या दुर्बिणीत सापडतच नाही. सात किंवा आठ पट वर्धन बहुतेक सर्व कामांस पुरते. विस्तीर्ण जलाशयावरील दूरच्या बदकांसाठी तिवईवर बसविलेली एकनेत्री दुर्बीण घ्यावी. शाळेच्या किंवा मंडळाच्या मालकीची अशी एक असली म्हणजे सर्वांस पाळीपाळीने पाहता येते.

दुर्बीण प्रथम आपल्या डोळ्यांस जुळवून घ्यावी लागते. दोन्ही नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचे एक वर्तुळ दिसू लागले की उजवा डोळा मिटावा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्यास दूरचे पान रेखीव दिसेल असे करावे. नंतर डावा डोळा मिटून उजव्या नेत्रभिंगावरील कडे फिरवून तेच पान उजव्या डोळ्यासही रेखीव करावे. या कड्याची खूण लक्षात ठेवली म्हणजे पुढे केवळ मधले चाक फिरविणे पुरते. चष्मा वापरणाऱ्याने नेत्रभिंगाभोवतीच्या रबरी वाट्या दुमडून किंवा आत फिरवून घ्याव्यात. पक्षी दिसताच त्यावरील दृष्टी न काढता दुर्बीण डोळ्यांशी आणावी. खाली पाहून दुर्बीण शोधू लागल्यास पक्षी हरवतो. दुर्बिणीतून सूर्याकडे कदापि पाहू नये. त्याने क्षणार्धात डोळ्यास कायमची इजा होऊ शकते.

पुस्तक, वही आणि घड्याळ

सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९४१ साली निघाले, तेव्हापासून सचित्र मार्गदर्शक हातात घेऊन हिंडण्याचा परिपाठ आपल्या देशात रूढ झाला. आता अनेक भारतीय भाषांत अशी पुस्तके मिळतात आणि भ्रमणध्वनीवरही ती वाचता येतात. तरीही पक्षी समोर असताना पुस्तक उघडू नये. आधी पक्षी पाहावा, टिपण करावे आणि तो उडून गेल्यावर पुस्तक पाहावे. चित्र आधी पाहिले की चित्रातील खुणा पक्ष्यावरही दिसू लागतात.

वही खिशात मावेल एवढी आणि जाड पुठ्ठ्याची असावी. लिहिण्यास शिसपेन्सिल घ्यावी, कारण दव किंवा पाऊस लागला तरी तिचे अक्षर फुटत नाही. आकार ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करून लिहावा: चिमणीहून मोठा, मैनेएवढा, कावळ्याहून लहान. त्यानंतर चोच, पाय, भुवई, पंखांवरील पट्टा, शेपटीची हालचाल आणि आवाज, असा क्रम ठेवावा. नावाची खात्री नसल्यास नाव न लिहिता वर्णन लिहावे. शेवटी शास्त्रीय नावाची जोड द्यावी, कारण लोकनावे प्रांतोप्रांती बदलतात. मराठीत ज्यास चक्रवाक किंवा ब्राह्मणी बदक म्हणतात त्यासच हिंदी भाषक चकवा किंवा सुरखाब म्हणतात. टॅडोर्ना फेरुजिनिया हे नाव मात्र सर्वत्र एकच राहते.

निरीक्षण सुरू केल्याची व संपविल्याची वेळ, चाललेले अंतर आणि निरीक्षकांची संख्या याही गोष्टी वहीत असाव्यात. एका तासात दिसलेले दहा चक्रवाक आणि दिवसभरात दिसलेले दहा चक्रवाक यांचा अर्थ एक नव्हे. वेळेबरोबर सूर्योदयापासून किती वेळ लोटला, हेही लिहिणे हितावह आहे. आपल्या देशात घड्याळ सर्वत्र एकच असले तरी अरुणाचल प्रदेशातील आणि कच्छमधील सूर्योदयांत सुमारे दोन तासांचे अंतर पडते. पक्षी चालतात ते सूर्याच्या वेळेने.

नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. या विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे निरीक्षकास उपयुक्त असतात. या प्रमाणात नकाशावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर होय. पाणी निळ्या रंगाने, वनस्पती हिरव्या रंगाने आणि समान उंचीच्या रेषा तपकिरी रंगाने दाखविलेल्या असतात. या तपकिरी रेषा दाटीने आल्या की चढ उभा आहे असे समजावे. केवलादेवसारख्या सपाट क्षेत्रात अशा रेषांचा उपयोग थोडा. तेथे बांध, रस्ते, कालवे व मंदिर यांच्या खुणा महत्त्वाच्या ठरतात. सह्याद्रीत किंवा हिमालयात याच्या उलट स्थिती असते.

नकाशा घरी वाचावा. कोठून आत जावयाचे, कोणत्या बांधाने पुढे व्हावयाचे आणि कोठून परतावयाचे, हे आदल्या दिवशी ठरवून पेन्सिलीने आखून ठेवावे. वाट चुकल्यास जी ओलांडल्यावाचून पुढे जाताच येणार नाही, अशी एक लांब खूण प्रत्येक क्षेत्रात असते: रस्ता, नदी, लोहमार्ग किंवा कुंपण. ती आपल्या कोणत्या दिशेस आहे हे निघतानाच ध्यानात धरावे. समजा, मुख्य रस्ता आपल्या पश्चिमेस आहे. मग धुक्यात सर्व बांध सारखे दिसू लागले तरी पश्चिमेकडे चालत राहिल्यास रस्ता लागणार, एवढी खात्री निरीक्षकास असते.

अंतर मोजण्यास पाऊल हे सर्वांत स्वस्त साधन होय. मोजलेल्या शंभर मीटरांत आपली किती पावले पडतात, हे एकदा ठरवून घ्यावे. प्रौढ माणसाची सुमारे १३० पावले पडतात. विद्यार्थ्याची याहून अधिक.

दिशा आणि होकायंत्र

सूर्य पूर्वेस उगवतो, हे आपण लहानपणी शिकतो. पण ते तंतोतंत खरे असते वर्षातून दोनच वेळा, विषुवदिनांच्या सुमारास. २२ डिसेंबरच्या सुमारास भरतपूर येथे सूर्य पूर्वेच्या सुमारे २६ अंश दक्षिणेस उगवतो. स्थलांतरित पक्षी पाहण्याचे दिवस नेमके हेच. उगवत्या सूर्याची दिशा हीच पूर्व समजून कोणी दोन किलोमीटर चालत गेला, तर तो इच्छित स्थळापासून सुमारे ९०० मीटर दूर पोहोचेल. म्हणून सूर्यावरून दिशेचा अदमास घ्यावा आणि निश्चिती होकायंत्राने करावी.

होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखविते. खरी उत्तर व चुंबकीय उत्तर यांमधील कोनास दिक्पात म्हणतात. भारतात तो थोडा, साधारणतः तीन-चार अंशांच्या आत असतो. त्यामुळे लहान सहलीत तो सोडून दिला तरी मोठे नुकसान होत नाही. निरीक्षकाच्या हातून होणारी चूक बहुधा वेगळीच असते. लोखंडी सायकल, गळ्यातील दुर्बीण, खिशातील भ्रमणध्वनी आणि वरून जाणारी विजेची तार या सर्वांचा सुईवर परिणाम होतो. केवलादेवात पुष्कळ लोक सायकलीने हिंडतात; त्यांनी सायकल उभी करून दहा-बारा पावले दूर जावे आणि मगच होकायंत्र पाहावे.

आपले स्थान काढण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेल्या कोनास दिगंश म्हणतात. समजा, बांधावर उभे राहिले असता मंदिराचे शिखर ४० अंशांवर आणि एक निरीक्षण-मनोरा ३१० अंशांवर दिसतो, आणि ही दोन्ही स्थळे नकाशावर आहेत. उलट दिशा काढण्यासाठी १८० पेक्षा लहान दिगंशात १८० मिळवावेत आणि मोठ्यातून १८० वजा करावेत. येथे त्या २२० व १३० अंश येतात. मंदिरापासून २२० अंशांवर आणि मनोऱ्यापासून १३० अंशांवर नकाशात रेषा काढाव्यात. त्या जेथे छेदतात तेथे निरीक्षक उभा आहे. दोन रेषांमधील कोन काटकोनाच्या जवळपास असावा. तो फार लहान असेल तर दिगंशातील किंचित चुकीनेही छेदनबिंदू पुष्कळ दूर सरकतो.

पक्षी जवळ नसून दूर तळ्यावर असेल, तेव्हा त्याचा दिगंश घ्यावा आणि अंतराचा अंदाज करावा. निरीक्षकाचे स्थान व पक्ष्याचे स्थान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे नोंदीत स्पष्ट असले पाहिजे.

उपग्रहाधारित स्थलदर्शक

आता हे सर्व काम भ्रमणध्वनी एका क्षणात करून देतो, मग नकाशाचा खटाटोप कशास, असे कोणी विचारील. उत्तर देण्यापूर्वी हे यंत्र कसे चालते ते समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या स्थलदर्शक यंत्रणेचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ साली ती पूर्णतया कार्यान्वित झाली. तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. भारतानेही आपल्या प्रादेशिक यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. उपग्रहाकडून निघालेला संदेश ग्राहकयंत्रास पोहोचण्यास किती काळ लागला, यावरून त्या उपग्रहाचे अंतर मिळते. रेडिओलहर एका सेकंदाच्या दशलक्षांश भागात ३०० मीटर जाते. म्हणजे घड्याळात तेवढी चूक झाली की अंतरात ३०० मीटरांची चूक झाली. अक्षांश, रेखांश व उंची या तीन अज्ञात राशींत घड्याळाची चूक ही चौथी राशी मिळविली म्हणजे किमान चार उपग्रह का लागतात, हे ध्यानात येईल.

मोकळ्या आकाशाखाली हे यंत्र काही मीटरांपर्यंत अचूक असते. दाट झाडीत किंवा अरुंद दरीत संदेश अडतात, कड्यांवर आपटून वळसा घेऊन येतात आणि दाखविलेले स्थान चुकते. शिवाय विजेरी संपते. याहून अधिक घोटाळा आकडे लिहिण्यात होतो. २७ अंश १० कला म्हणजे २७.१० अंश नव्हेत. एका अंशात साठ कला असल्यामुळे दशांशात ते २७.१६७ अंश होतात. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर हे लक्षात घेतल्यास, या एका चुकीने पक्षी सात किलोमीटरांहून अधिक सरकतो. अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल झाल्यास भरतपूरचा चक्रवाक उत्तर ध्रुववृत्तापलीकडे, स्वालबार बेटांजवळच्या समुद्रात जाऊन पडतो. जुन्या सर्वेक्षण-नकाशांवरील आणि उपग्रहयंत्रातील अक्षांश-रेखांशांचे मूळ गणितही एक नाही. त्यामुळे दोहोंत काही ठिकाणी शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो.

अशी चूक यंत्राच्या ध्यानात येत नाही. नकाशा वाचणाऱ्या माणसाच्या ती चटकन ध्यानात येते. म्हणून आकड्यांसोबत शब्दांतही स्थळ लिहावे: ‘मंदिराच्या नैर्ऋत्येस, सुमारे ६०० मीटर, बांधाच्या डाव्या हातास.’ आकडा चुकला तर शब्द तो सावरतात. क्षेत्राचा नकाशा घरूनच भ्रमणध्वनीत उतरवून घ्यावा आणि कागदी नकाशा तरीही बरोबर ठेवावा.

पोशाख व इतर सामग्री

कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे, सैल व पूर्ण बाह्यांचे असावेत. पांढरा रंग पक्ष्यांस दुरून दिसतो. बुटांचे तळ खरबरीत असावेत. टोपी, पिण्याचे पाणी, थोडे खाणे, शिट्टी, विजेची बत्ती आणि प्रथमोपचाराची लहान पेटी एका पाठपिशवीत मावते. धुक्यात वाट चुकल्यास थांबून शिट्टी वाजवावी. तीन वेळा वाजवून विसावा घ्यावा, हा मदत मागण्याचा रूढ संकेत आहे. कोणत्या वाटेने जात आहोत आणि केव्हा परतू, हे मागे राहणाऱ्यास सांगून निघावे. संरक्षित वनात जाण्यास परवानगी लागते. ती आधीच काढावी. पक्ष्यास जवळ आणण्यासाठी त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवू नये, विशेषतः विणीच्या हंगामात.

नोंद कोणास द्यावी

वहीत पडून राहिलेली नोंद एकाच्याच उपयोगाची. आज ई-बर्डसारख्या सार्वजनिक नोंदसंग्रहांत कोणासही आपली यादी देता येते. हा संग्रह २००२ साली सुरू झाला. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे. सायबेरियन क्रौंच केवलादेवात २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर आला नाही, हे आपणांस निश्चित ठाऊक आहे. कारण वर्षानुवर्षे कोणीतरी तेथे जाऊन त्यांची मोजदाद करीत होते. पक्षी न दिसणे हीदेखील नोंद आहे; मात्र तो नेमका कोठे व किती वेळ शोधला, हे लिहिले तरच.

याला एक अपवाद आहे. घरटे, पिले किंवा दुर्मिळ पक्ष्याची निजण्याची जागा यांचे नेमके स्थान सर्वांपुढे मांडू नये. गर्दीने पक्षी घरटे सोडतो आणि चोरट्यांसही वाट सापडते. अशी नोंद वहीत अचूक करावी, अभ्यासकांस किंवा वनखात्यास कळवावी आणि इतरत्र केवळ तालुक्याचे नाव द्यावे.

करून पाहा

१. शाळेच्या मैदानावर शंभर मीटर मोजून तीन वेळा चाला. पावलांची सरासरी काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

२. दर महिन्याच्या २१ तारखेस एकाच जागेवरून उगवत्या सूर्याचा दिगंश घ्या. वर्षअखेर सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिगंश यांत किती अंशांचा फरक पडला ते पाहा.

३. मैदानावरून दोन ओळखीच्या खुणांचे दिगंश घेऊन आपले स्थान नकाशावर काढा. नंतर तेच स्थान भ्रमणध्वनीवर पाहून दोहोंतील अंतर मोजा आणि फरकाचे कारण शोधा.

४. आवारातील एका झाडावर दिसलेल्या पक्ष्याची पूर्ण नोंद करा. झाडाचे नाव न सांगता ती नोंद दुसऱ्या विद्यार्थ्यास द्या. तिच्या आधाराने तो त्याच झाडाखाली जाऊन उभा राहिला, तर नोंद बरोबर उतरली असे समजावे.